बाहुलीला विचारलं का?

पोळ्याला ढाणकीला गेलो तेव्हा मोबाइलवर एक अर्धवट गोष्ट होती. सरळ वाचायची नाही, निवडत जायची गोष्ट. स्क्रीनवर चार ओळी येतात, खाली दोन-तीन पर्याय येतात, तुम्ही जिथं बोट लावाल तिकडं गोष्ट वळते. यासाठी ट्वाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. क्रिस क्लाइमस या अमेरिकन माणसानं ते २००९ साली काढलं. कोडिंग न येणाऱ्यालाही त्यात गोष्ट रचता येते, म्हणून मलाही येते.

माझ्या गोष्टीत पैनगंगेच्या काठी, सागाच्या जंगलात एक चेटकीण राहते. ती कापूस, चिंध्या आणि पळसाच्या काड्यांची बाहुली करते, तिच्यात फुंकर घालते, बाहुली डोळे उघडते. खेळणारा म्हणजे चेटकीण. बाहुलीला पाण्याला पाठवायचं, दुश्मनाच्या घरी पाठवायचं, की बडबड करते म्हणून तोंड शिवायचं, हे तुम्ही ठरवायचं. मला ते फार भारी वाटत होतं.

मामेबहीण नववीत आहे. ओसरीवर बसून तिनं दहा मिनिटं खेळून बघितलं आणि फोन परत दिला.

"दादा, मले बाहुली व्हायचं असंल तर?"

"होता येत नाही. तू चेटकीणच आहेस."

"मंग तिले नाही म्हणायचं असंल तर तिचं बटन कुठी हाय?"

बटन नव्हतं. आजी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाहुलीले कोण इचारते बापा!"

पुण्याला परतताना एसटीत मी हाच विचार करत होतो. बाहुलीला कुणी कधी विचारलंय का? आपल्याकडच्या गोष्टींमध्ये, आपल्या सणांमध्ये, आपल्या इतिहासात? मग वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

सगळ्यात आधी आठवल्या त्या बत्तीस जणी. 'सिंहासन बत्तिशी' लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. विक्रमादित्याचं सिंहासन जमिनीत पुरलेलं असतं, भोज राजाला ते सापडतं, तो बसायला जातो आणि पायरीवरची एक पुतळी बोलायला लागते. विक्रमासारखं औदार्य तुझ्यात असेल तरच बस, असं म्हणून ती गोष्ट सांगते. भोज मागं सरतो. दुसऱ्या वेळी दुसरी पुतळी. असं बत्तीस वेळा. मराठी छापील गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत हे पुस्तक आहे. विल्यम केरीच्या हाताखालच्या वैजनाथ पंडितांनी ते मराठीत आणलं आणि १८१४ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला ते छापलं गेलं. मराठी छपाई नुकती डोळे उघडत होती आणि पहिल्या काही पुस्तकांतच बाहुल्या बोलत होत्या.

या बाहुल्यांचं बळ बघा. त्यांना हात उचलता येत नाही, जागेवरून हलता येत नाही. भोजानं ठरवलं तर तो त्यांच्या डोक्यावर पाय देऊन बसू शकतो. त्यांच्याकडं आहे फक्त बोलणं. राजा ऐकून घेईल तोवरच त्यांची सत्ता. तरीही त्या बत्तीस वेळा एका राजाला थांबवतात.

पण त्या बाहुल्या झाल्या कशा, हे आपल्याला सहसा सांगितलं जात नाही. संस्कृतमध्ये या कथेच्या अनेक परंपरा आहेत. फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितानं १९२६ साली चार वेगवेगळे पाठ एकत्र छापले. त्यात शेवटी पुतळ्या आपली हकीगत सांगतात. त्या मूळच्या पार्वतीच्या सख्या. शिवाची नजर त्यांच्यावर गेली, पार्वतीला राग आला आणि तिनं शाप दिला की निर्जीव पुतळ्या होऊन सिंहासनाला चिकटून राहाल. वाचा तेवढी राहील, आणि भोजाला विक्रमाच्या गोष्टी सांगितल्यात की सुटाल.

मी हे दोनदा वाचलं. नजर दुसऱ्याची, शिक्षा यांना. पार्वतीचा राग ज्याच्यावर निघायला हवा होता तो कैलासावर तसाच बसलेला. या बत्तीस जणींना विचारलं कुणी? शिवानं नाही, पार्वतीनं नाही, आणि राजाचं कौतुक करून सुटका होईल हा सौदासुद्धा त्यांनी ठरवलेला नाही. मी त्यांना इतकी वर्षं कडक मास्तरणी समजत होतो. प्रत्यक्षात त्या जामिनाच्या अटी पूर्ण करत होत्या.

नजरेचा हा धागा लक्षात ठेवा. तुमच्या गावातल्या नव्या बांधकामावर उलटी टांगलेली काळी बाहुली, ट्रकच्या बंपरखाली हेलकावणारी काळी बाहुली, तिचं कामही तेच आहे. दुसऱ्याची नजर तिनं स्वतःवर घ्यायची. घर मालकाचं, नजर शेजाऱ्याची, टांगलेली मात्र ती.

'वेताळपंचविशी' याच घराण्यातली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ती १८३० साली मराठीत आणली. आजच्या भाषेत सांगायचं तर हा आपला सगळ्यात जुना निवडीचा खेळ आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतोय, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मौन मोडलं, मी पुन्हा झाडावर. पर्याय दोनच, आणि दोन्ही वेताळानं लिहिलेले. राजा निवडतोय असं वाटतं खरं. आपणही रोज हेच करतो. नवं ॲप टाकलं की 'अटी मान्य आहेत' हे बटन येतं. दाबलं नाही तर ॲप उघडत नाही. दाबलं त्याला संमती म्हणतात.

आता मारबत.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळा श्रावण अमावस्येला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडं पोरं आरडाओरडा करत गावाबाहेर निघतात. आदल्या दिवशी दारादारांत लावलेल्या पळसाच्या फांद्या, ज्यांना मेढे म्हणतात, त्या उपटून शिवेवर नेऊन टाकायच्या. ओरडण्याचा मथितार्थ एवढाच की खोकला, ताप, ढेकूण-मच्छर, जे काय वाईट असेल ते मारबते, तू घेऊन जा. गावाकडच्या मारबतीला तोंड नाही. ती कोण, कुणाची, कशी दिसते, काही नाही. फांदी असते आणि हाक असते.

नागपुरात मात्र तिला तोंड आहे. तिथं बांबू, कागद, कापडाच्या प्रचंड बाहुल्या करतात आणि वाजतगाजत मिरवतात. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, असं तिथं सांगतात. पिवळी ही रक्षण करणारी, लोक तिला हात जोडतात. काळी म्हणजे वाईट. कृष्णाला विषारी दूध पाजायला आलेली पूतना, तिला मारल्यावर गोकुळाच्या लोकांनी गावाबाहेर नेऊन जाळलं, ती ही. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, नको त्या पुढाऱ्याचे पुतळे. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर येतात, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते. शेवटी शहराबाहेर दहन.

पूतनेखाली आणखी एक चेहरा दडलाय. नागपूरकर सांगतात की काळी मारबत म्हणजे बाकाबाई. भोसल्यांच्या घरातली ती राणी, जी इंग्रजांना मिळाली.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांची बायको. १८१६ मध्ये रघुजी वारले. गादीवर आलेले परसोजी दुबळे होते. कारभार हातात घेण्यावरून राजवाड्यात दोन तट पडले, एक बाकाबाईंचा, दुसरा परसोजींचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांचा. अप्पासाहेब जिंकले. त्यांनीही इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला, हे विसरू नका. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मेलेले सापडले आणि खुनाचा आरोप अप्पासाहेबांवर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अप्पासाहेब इंग्रजांवर उलटले, सीताबर्डीची लढाई झाली, ते हरले. १८१८ मध्ये इंग्रजांनी रघुजींच्या मुलीचा लहान मुलगा तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवला आणि बाकाबाईंना त्याची पालक नेमलं. प्रत्यक्षात पुढची आठ-एक वर्षं राज्य चालवलं रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सनं.

मराठीत कळसूत्री बाहुली म्हणतात ती हीच. दोऱ्या जेंकिन्सच्या बोटांत, आणि पडद्यापुढं दिसते ती राणी. लोकांनी पडद्यापुढं जे दिसलं त्याला चेटकीण ठरवलं.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, औरस मुलगा नव्हता. डलहौसीनं राज्य खालसा केलं. राण्यांनी दत्तकाचा हक्क मागितला, अर्ज केले, कुणी ऐकलं नाही. राजवाड्यातले दागिने, जनावरं, सामान बाहेर काढून विकलं गेलं. दागिने लिलावासाठी पार कलकत्त्याला गेले. १८५७ साली नागपुरात उठावाची कुजबुज सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईंनी आपल्या माणसांना त्यापासून लांब ठेवलं, असं सांगतात. बाकाबाईंवरचा मोठा डाग तो. १८५८ मध्ये त्या वारल्या. बाहुली पहिल्यांदा निघाली त्यानंतर तेवीस वर्षांनी.

बाकाबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. राजकारण त्यांनीही केलं, सत्ता त्यांनाही हवी होती, आणि ऐंशीच्या घरात आलेल्या बाईनं इंग्रजांची बाजू धरली ती घराण्याच्या पेन्शनीसाठी की भीतीपोटी, हे इथं बसून ठरवता येत नाही. मला खटकतं ते वेगळंच. इंग्रजांशी करार करणारे अप्पासाहेब कैदेतून निसटले, रानोमाळ भटकले, १८४० मध्ये जोधपूरला वारले. त्यांचा पुतळा कुणी जाळत नाही. जेंकिन्सचा जाळत नाही. डलहौसीचाही नाही. जिला सगळ्यात कमी पर्याय होते तिची बाहुली झाली. परकी सत्ता अंगावर घेता येत नव्हती तेव्हा लोकांनी राग काढायला जागा शोधली, हे समजतं मला. इंग्रजी अमलात रस्त्यावर एवढं उघड बोलायची सोय मारबतीनंच दिली, तेही कबूल. पण जागा म्हणून सापडली ती एक विधवा.

आमच्या भागाचा इतिहास जरा निराळा. उमरखेड, ढाणकी हा पट्टा वऱ्हाडातला, निजामाच्या मुलखातला. १८५३ सालीच, नागपूर जायच्या काही महिने आधी, निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पैनगंगेच्या अलीकडं इंग्रज, पलीकडं निजाम. त्याही वेळी इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. कदाचित आमच्याकडं राग धरायला जवळची राणी नव्हती, म्हणून मारबत नुसती फांदीच राहिली. हा माझा अंदाज आहे, तेवढाच घ्या.

पण फांदीलाही तोंड देता येतं. ते आम्ही दिलं होतं.

मी तेव्हा पाचवीत असेन. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. नवरा गेलेला, पोरगाही गेलेला. कुणाच्या तरी गाईचं दूध आटलं, कुणाचं तरी लेकरू आजारी पडलं, आणि तिची नजर वाईट आहे असं बायका बोलायला लागल्या. मारहाण वगैरे झाली नाही. फक्त तिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद झालं, तिच्या दारावरून जाताना लेकरांना पदराखाली घ्यायला लागले. त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं मेढे घेऊन निघालो आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की शिवेपर्यंत कशाला जायचं. सगळे मेढे तिच्या दारात टाकले आणि ओरडून पळालो. मोठ्या माणसांपैकी दोघं-तिघं हसले. मीही फांदी टाकली होती. माझी फांदी मोठी होती, म्हणून मला फुशारकी वाटली होती.

चेटकीण कशी दिसते हे आम्हाला पक्कं माहीत होतं. मराठी घरांत ती नाटकांतून आली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, पुढं २०१८ मध्ये वैभव मांगलेंनी पुन्हा उभी केली. लांब नाक, चरचरीत आवाज, पोरं घाबरतात आणि हसतातही. त्या चेटकिणीला सत्ता आहे, मंत्र आहे, मजा आहे. आमच्या गल्लीतल्या म्हातारीकडं यातलं काही नव्हतं. गोष्टीतली चेटकीण बाहुलीला नाचवते. गावात जिला चेटकीण म्हणतात ती स्वतःच दुसऱ्यांच्या हातातली बाहुली असते, हे मला फार उशिरा कळलं.

कायद्यालाही उशीरच झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी कितीतरी वर्षं भांडत राहिले. नागपूरहून श्याम मानव यांचंही काम चालू होतं. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. चार दिवसांनी, २४ ऑगस्टला, वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, जादू करते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. दूध आटवण्याचा उल्लेख वाचताना मला आमची गल्ली आठवली. कायदा लिहिणाऱ्यांना आमची गल्ली माहीत होती म्हणायची.

आता परत त्या बटनाकडं येतो.

कॉम्प्युटरवरच्या निवडत जायच्या गोष्टींचा इतिहास साधारण पन्नास वर्षांचा. विल क्राउदरनं १९७६ च्या सुमाराला 'ॲडव्हेंचर' लिहिलं. गुहेत शिरायचं आणि खजिना शोधायचा. त्यात खेळणारा हुकूम देतो आणि जग ऐकतं. कॉम्प्युटर 'समजलं नाही' म्हणेल, पण 'मला नको' असं म्हणणार नाही. पुढची बरीच वर्षं हेच चाललं.

२००० साली एमिली शॉर्ट यांनी 'गॅलटिया' लिहिलं. ग्रीक कथेत पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आपल्याच पुतळ्याच्या प्रेमात पडतो आणि देवी त्या पुतळ्यात जीव घालते. मूळ गोष्टीत पुतळीला विचारत नाही कुणी. ती डोळे उघडते तेव्हा लग्न ठरलेलंच असतं. शॉर्ट यांच्या खेळात ती एका प्रदर्शनात चौथऱ्यावर उभी आहे, तुमच्याकडं पाठ करून. तुम्ही समीक्षक. तुमचं काम फक्त बोलायचं. तुम्ही काय विचारता, कोणत्या क्रमानं विचारता, यावर तिचा मूड बदलतो. ती वळते, किंवा वळत नाही. बोलणं थांबवते. शेवट डझनावारी आहेत. तिच्या शरीरात काय आहे हे बघायला लोक आलेत आणि तिला ते आवडतंय की नाही, हे तुम्हाला तिच्या पाठीवरून ओळखायचंय. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा चार प्रश्नांत तिनं मला गप्प केलं. मला राग आला. नंतर लाज वाटली, कारण राग येण्याचं कारण एवढंच होतं की बाहुलीनं ऐकलं नाही.

मग मी माझ्या गोष्टीत 'नाही'चं बटन घातलं. सोपं होतं, एक नवी चौकट आणि एक दुवा. आणि लगेच लक्षात आलं की काही बदललं नाही. बाहुली नाही म्हणते, ठीक, पण त्यानंतर काय होतं हेही मीच लिहिणार. चेटकीण तिला उसवून टाकेल? उपाशी ठेवेल? कौतुक करून पुन्हा विचारेल, पुन्हा, आणि पुन्हा, ती थकेपर्यंत? नाही म्हटल्यावर काही किंमत मोजावी लागत नसेल तरच हो म्हणण्याला अर्थ. वेताळानंही विक्रमाला पर्याय दिलाच होता. फुंकर घालणारीच जर फुंकर काढून घेऊ शकत असेल, तर तिच्यासमोर बाहुली मोकळेपणानं काय बोलणार? मी हे आठवडाभर उलटसुलट करून बघितलं. शेवटी चेटकिणीच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली: तिनं दिलेला श्वास तिला परत घेता येणार नाही. मग कुठं बाहुलीचं बोलणं लिहिता यायला लागलं. आणि चेटकीणही जरा बरी माणूस झाली, कारण आता तिला विचारावंच लागत होतं.

दिवाळीत ते मामेबहिणीला पाठवलं. तिनं बाहुली होऊन खेळलं. पहिल्याच चौकटीत 'नाही' दाबलं, तिथून ती चेटकिणीच्या झोपडीबाहेर पडली, आणि मग मला फोन केला.

"दादा, बाहेर आल्यावर ती काय करते? पुढं काहीच नाही लिहेल."

खरंच नव्हतं लिहिलेलं. बाहुली घराबाहेर पडली की माझी कल्पना संपत होती. मी आजीला फोन द्यायला सांगितला. का कुणास ठाऊक, मी तिला त्या म्हातारीबद्दल विचारलं. आम्ही मेढे टाकले त्या दिवशी तिनं काय केलं होतं?

आजीला सगळं आठवत होतं. म्हातारी सकाळी दार उघडून थोडा वेळ उभी राहिली. मग खाली बसली, सगळ्या फांद्यांची पानं खुडून घेतली. काड्या चुलीसाठी भिंतीला वाळत लावल्या. पानांच्या दिवसभर पत्रावळी टाचल्या आणि बाजाराच्या दिवशी विकायला नेल्या.

"आपल्याकडंच आणल्या होत्या त्यायच्यातल्या," आजी म्हणाली. "तुह्या मामाच्या साखरपुड्याले."